संत्रा आणि भाजीपाला: तोडीनंतर माल टिकवायचा धागा (आंबिया बहार ते उन्हाळा)

संत्रानगरी
१२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात आंबियाची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या बहाराची, तोड सुरू झाली. आता दोन महिने एकच प्रश्न फिरत राहील: झाडावर ठणठणीत असलेलं संत्रं सहाव्या-सातव्या दिवशी पेटीत का सडतं? आणि त्यासोबत लगेच औषधाचं नाव विचारलं जाईल. औषधाचा नंबर फार नंतर लागतो. संत्र्याचं आयुष्य ठरतं ते तोडणाऱ्याच्या हातात आणि त्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत. आंबा, केळी तोडल्यावर पिकतात, संत्रं पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. पुढे फक्त पाणी उडतं आणि बुरशी वाट पाहते.

म्हणून सुरुवात सडलेल्या फळापासून करू. फेकण्याआधी ते हातात घ्या आणि सड कुठून निघाली ते पाहा.

सालीवर मधेच मऊ, पाणचट डाग आहे, अंगठा ठेवला की साल आत बसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि मग मधोमध हिरवट भुकटी, भोवती पांढरी कड. ही हिरवी बुरशी, पेनिसिलियम. अखंड सालीतून ती आत शिरू शकत नाही. नखाचा ओरखडा, काटा, शेजारच्या फळाचा लांब देठ, पेटीचा खिळा, यांपैकी काहीतरी तिथे लागलेलं असतंच. भुकटी पुसून पाहा, बरेचदा ओरखड्याची रेघ सापडते.

देठापासून तपकिरी रंग खाली उतरतोय, तर ती देठकुज. फळ उभं कापा. बाहेरून अर्धं फळ चांगलं दिसत असताना आत मधल्या दांड्यातून तपकिरी रेघ पार खालपर्यंत गेलेली असते. ही बुरशी झाडावरच्या सलीवर, म्हणजे वाळलेल्या फांद्यांवर राहते, पावसाच्या थेंबांबरोबर देठाच्या टिकलीखाली (फळाला चिकटलेल्या चकतीखाली) येऊन बसते आणि तोडल्यावर टिकली वाळली की आत उतरते. हिचा इलाज पेटीत नाही. तोड संपल्यावर सल काढून बागेबाहेर जाळणं, हाच.

चामड्यासारखा घट्ट तपकिरी डाग, उग्र वास, आणि फळ खालच्या फांदीवरचं: ही फायटोफ्थोरा बुरशी, झाडाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) करते तीच. मातीच्या शिंतोड्यांतून फळावर चढते आणि पेटीत एकाची दुसऱ्याला लागते. जमिनीपासून दोन फुटांच्या आतला माल वेगळ्या कॅरेटमध्येच तोडा. गळलेलं फळ कितीही चांगलं दिसलं तरी त्यात टाकू नका.

शेवटचं, सुईच्या टोकाएवढं छिद्र. दाबलं की रसाची बारीक चिळकांडी उडते. रसशोषक पतंगाचं काम. असं एक फळ पेटीत गेलं की खालच्या थरावर रस गळतो आणि बाकीचं त्या ओलाव्यात होतं.

---

गोधनी_बाग
१२ नोव्हेंबर, रात्री १०.५५

उपयोगी धागा. एक अडचण मांडतो. तोडणारे मजूर सिकेटर (छाटणीची कातर) वापरायला तयार होत नाहीत. पीळ देऊन ओढलं की हात दुप्पट चालतो म्हणतात. पीळ नीट दिला तर खरंच इतका फरक पडतो का?

---

काटोल_कातर
१३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

पडतो भाऊ. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते, नागपुरी संत्र्याची सैल. ओढलं की देठासोबत सालीचा रुपयाएवढा तुकडा निघतो, आणि नाही निघाला तरी टिकलीच्या कडेला केसाएवढी चीर पडते. ही चीर दिसत नाही. ओढलेली दहा फळं घ्या, देठाजवळ निळ्या शाईचं पाणी लावा, दोन मिनिटांनी धुवा. शाई कुठे आत गेली ते मजुरांसमोरच दिसेल. बोलून जे पटत नाही ते याने पटतं.

कातरण्याची रीत दोन कापांची. पहिला काप फळापासून बोटभर वर, फक्त फांदीपासून सोडवण्यासाठी. फळ हातात आलं की दुसरा काप टिकलीला अगदी लगत. एकाच कापात लगत कापायला गेलं तर पातं सालीत घुसतं किंवा देठ लांब राहतो, आणि तो लांब देठ शेजारच्या चार फळांना टोचतो. तळहातावर फळ फिरवून पाहावं, देठ बोटाला लागला नाही पाहिजे. टिकली मात्र फळावर राहिली पाहिजे. ती निघाली की दार उघडंच.

सिकेटरची टोकं गोल असलेली घ्या. नखं कापलेली, हातात सुती मोजे. गळ्यात झोळी, आणि झोळी वरून ओतायची नाही, कॅरेटच्या तळाला टेकवून खालून सोडायची.

वेगाचं म्हणाल तर मजुरी कॅरेटवर ठरली की हात घाई करणारच. रोजावर ठेवा, किंवा कॅरेटचाच दर ठेवायचा तर कापलेल्या मालाला थोडा जास्त दर द्या आणि प्रत्येकाच्या कॅरेटमधली वीस फळं तपासा. दोन दिवसांत हात बसतो.

---

शीतकक्ष
१३ नोव्हेंबर, दुपारी १.२५

यात वेळेची भर घालतो. सकाळी दवात संत्रं तोडू नका. रात्रभर पाणी पिऊन साल तटतटलेली असते, तेलाच्या ग्रंथी फुगलेल्या असतात. थोडा दाब पडला तरी ग्रंथी फुटते, तेल शेजारच्या पेशींवर पसरतं आणि त्या जळतात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी सालीवर बोटांच्या आकाराचे बसके तपकिरी डाग उमटतात आणि लोक त्याला रोग समजून फवारणी शोधतात. हिरवट फळात हे जास्त होतं.

पानांवरचं दव पूर्ण सुकलं की तोड सुरू करा, या दिवसांत साधारण नऊ-साडेनऊनंतर. पाऊस पडला किंवा पाणी दिलं तर दोन-तीन दिवस थांबा.

---

कळमनाकर
१३ नोव्हेंबर, रात्री ८.०५

ढेराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बागेत झाडाखाली ढेर लागतो, ट्रकमध्ये तणस (भाताचा पेंढा) टाकून मोकळा माल भरला जातो, नागपूरच्या कळमना बाजारात पुन्हा ढेर. म्हणजे एक संत्रं विकलं जाईपर्यंत चार-पाच वेळा ओतलं जातं. दर वेळी खालच्या थरावर वरचं वजन. सैल सालीचं फळ दबतं, पुन्हा फुगून वर येतं आणि वरून काही कळत नाही. आतल्या फोडी फुटलेल्या असतात.

प्लास्टिकचं कॅरेट वापरा, साधारण २० किलोचं. वरच्या काठापासून दोन बोटं खाली भरा. काठाच्या वर गेलेलं फळ वरचं कॅरेट ठेवताच चेपतं. तळाला आणि बाजूंना जुनं वर्तमानपत्र. फळ एका फुटापेक्षा जास्त उंचीवरून पडू देऊ नका. आणि कॅरेट धुवा. त्यात मागच्या फेरीतल्या सडक्या फळाची हिरवी भुकटी चिकटलेली असते. एका फळावर कोट्यवधी बीजाणू तयार होतात, तेच कॅरेट पुन्हा ताज्या मालाखाली जातं.

बागेत भरलेली कॅरेटं झाडाच्या सावलीत ठेवून सावली सरकली की उन्हात राहतात, हेही रोजचंच. दोन बांबूंवर हिरवी जाळी ताणून घ्या.

---

गोधनी_बाग
१४ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

कातर आणि कॅरेट पटलं. धुण्याचं काय? शंभर लिटर पाण्यात १० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून फळ बुडवायचं, असं एका ठिकाणी वाचलं.

---

पीएच_सात
१४ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

हा हिशोब बरेच जण चुकवतात, म्हणून सविस्तर.

आपल्याला पाण्यात १०० पीपीएम क्लोरीन हवं. म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम, शंभर लिटरला १० ग्रॅम. पण हे १० ग्रॅम क्लोरीनचे, पावडरचे नव्हेत. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून पावडर ३० ग्रॅम लागते. उघडी पडलेली, गोळे झालेली पावडर अर्धी मेलेली असते. द्रव सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर शंभर लिटरला २०० मिलि.

पावडर बादलीभर पाण्यात वेगळी कालवा, दहा मिनिटं बसू द्या, वरचं नितळ पाणी टाकीत घ्या. खालचा चुना फळावर पांढरे डाग पाडतो.

पुढची गोष्ट पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा खारं याच्या मापाची. क्लोरीन जंतू मारतं ते ६.५ ते ७.५ पीएचला. विहिरीचं पाणी मुळातच त्याच्या वर असू शकतं आणि ब्लीचिंगने आणखी चढतं. ८.५ वर क्लोरीनचा वास येतो पण काम बहुतेक थांबलेलं असतं. पीएच कागद आणि क्लोरीनच्या पट्ट्या ठेवा. पीएच उतरवायला पातळ केलेलं सायट्रिक ॲसिड थोडं थोडं, टाकी भरून पाणी पातळ झाल्यावरच. घट्ट ब्लीचवर ॲसिड कधीच ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो.

दोन-तीन मिनिटं बुडवणं पुरे. माती आणि पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून आधी साध्या पाण्याने माती काढा आणि टाकीचं पाणी गढूळलं की बदला. फक्त क्लोरीन वाढवत बसून भागत नाही.

आणि धुतल्यावर वाळवा. जाळीच्या टेबलावर एक थर, पंखा चालू, टिकलीखालचं पाणी सुकेपर्यंत. वाळवायची सोय नसेल तर धुऊच नका, कोरड्या सुती कापडाने पुसा. ओलं फळ पेटीत भरणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

---

कळमनाकर
१४ नोव्हेंबर, दुपारी २.१५

शेवटच्या वाक्याला जोरदार सहमत. नुसत्या साध्या पाण्याच्या टाक्यात धुणंही तसंच. पहिल्या सडक्या फळाची बुरशी नंतरच्या सगळ्या मालाला लागते.

---

वरुडची_वाट
१६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

आमच्याकडे फळ आतून तयार आहे, ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) १० च्या वर गेला, पण साल हिरवीच. व्यापारी रंग मागतो. पुडी ठेवायची पद्धत काही जण सांगतात.

---

शीतकक्ष
१६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

पुडी म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. कायद्याने बंदी आहे, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. हात लावू नका.

साल हिरवी राहते कारण रात्री अजून गार झालेल्या नाहीत. डिसेंबरात पारा १२-१३ अंशांच्या खाली उतरायला लागला की हरितद्रव्य आपोआप जातं. थांबता येत असेल तर थांबा, मात्र फार नाही. जास्त थांबलेलं फळ फोफसं होतं, साल आणि गर यांत हवा शिरते आणि ते हात लागताच दबतं.

थांबणं शक्य नसेल तर इथिलीनची, म्हणजे फळांना रंग आणणाऱ्या वायूची, खोली. भारतात फळांसाठी १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायूला परवानगी आहे, पण संत्र्याच्या रंगाला ५ ते १० पीपीएम पुरतं. तापमान २७ ते २९ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, ४८ ते ७२ तास. लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, खोली घट्ट बंद ठेवतात. फळं श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो १ टक्क्याच्या वर गेला की रंग फिरणं मंदावतं. हवा बदलती ठेवा. दुसरं, रंग कमी वाटला की वायू वाढवतात. त्याने रंग लवकर येत नाही, टिकली मात्र काळी पडून गळते आणि देठकुजीला वाट मिळते. ओरखडे असलेला माल या खोलीत घालूच नका, २८ अंश आणि दमट हवा बुरशीलाही तेवढीच मानवते.

याने साल पिवळी-केशरी होते. आतली आंबट-गोड चव होती तशीच राहते, त्यामुळे कच्चं फळ रंगवून विकणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आणि पुढच्या मालाच्या भावाचं नुकसान.

---

संत्रानगरी
१७ नोव्हेंबर, सकाळी ८.००

मेणाचंही इथेच घेऊ. मेण लावल्याने वजनाची घट कमी होते आणि चमक येते, सड थांबत नाही. मधमाशीचं मेण, कार्नौबा आणि शेलॅक यांना आपल्याकडे परवानगी आहे, पेटीवर तसं लिहावं लागतं. फळ पूर्ण कोरडं असताना एकदम पातळ थर. जाड थर बसला तर आत प्राणवायू जात नाही, फळ आतल्या आत आंबतं आणि सोलल्यावर दारूसारखा वास येतो. संत्र्यात हे मोसंबीपेक्षा लवकर होतं.

---

वरुडची_वाट
१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

भाव पडलेत, महिनाभर कोल्ड स्टोरेजला ठेवायचा विचार आहे. किती अंशावर? आलू ठेवतात तिथे जागा मिळून राहिली.

---

शीतकक्ष
१९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आलूच्या खोलीत नको. आलू २ ते ४ अंशांवर असतो. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते, आणि चांगला तोडलेला माल त्यावर साधारण ४५ दिवस निघतो. मोसंबीही जवळपास त्याच तापमानाला, निंबू मात्र ८ ते १० अंशांवर. ५ च्या खाली संत्र्याला थंडी बाधते. खोलीत असताना दिसत नाही, बाहेर काढल्यावर दोन दिवसांत सालीवर खड्डे आणि तपकिरी ठिपके उठतात.

मिरची, चिंच, डाळी ठेवणाऱ्या खोल्यांमध्येही नको. तिथली हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली असते आणि मिरचीचा वास सालीत मुरतो.

दुसरं, गरम माल एकदम भरू नका. हिशोब करून पाहा: १ टन संत्रं ३० अंशांवरून ७ वर आणायला सुमारे २४ युनिट एवढी उष्णता काढावी लागते. म्हणजे एक टन क्षमतेचं यंत्र सलग ७ तास फक्त तेवढ्यासाठी. फळांच्या श्वासाची उष्णता आणि दार उघडल्यावर शिरणारी हवा वेगळी. खोलीच्या क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास रोज भरा. कॅरेटच्या रांगांमध्ये चार बोटं जागा, भिंतीपासून वीतभर, खाली लाकडी फळ्या. खोका वापरत असाल तर त्याच्या बाजूंवर साधारण ५ टक्के क्षेत्र भोकांचं हवं, आणि वरच्या-खालच्या खोक्यांची भोकं एका रेषेत.

बाहेर काढताना घाम सुटतो. थंड फळावर नागपूरच्या हवेतलं पाणी जमतं. पेटी तशीच बंद करून ट्रकमध्ये टाकली की दोन दिवसांत हिरवी बुरशी. सावलीत पंख्याखाली कोरडं होऊ द्या, मग भरा.

---

काटोल_कातर
२० नोव्हेंबर, सकाळी ७.४५

एका मुद्द्यावर वेगळं मत आहे. तोडल्याबरोबर थंडीत घालण्यापेक्षा रात्रभर सावलीत, कॅरेटमध्येच, मुरू द्यावं. साल थोडी ढिली पडते आणि निवड करताना, पेटी भरताना तेलाचे डाग पडत नाहीत.

---

शीतकक्ष
२० नोव्हेंबर, सकाळी ११.००

आंबियाला, विशेषतः नोव्हेंबरात दमट हवा असताना, मान्य. बारा तास ते एक रात्र. मार्च-एप्रिलमध्ये तोडीला येणाऱ्या मृग बहाराला (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या) मान्य नाही. तेव्हा रात्रीची हवासुद्धा कोरडी असते. ३० अंश आणि ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत फळातून पाणी खेचण्याची जी ताकद असते, ती ७ अंश आणि ९० टक्क्यांच्या खोलीपेक्षा सुमारे ३० पट असते. मृगाचा माल सकाळी दव सुकताच तोडा आणि दुपारच्या आत सावलीत, ओल्या पडद्यांच्या मागे न्या.

---

काटोल_कातर
२० नोव्हेंबर, दुपारी १२.२०

बरोबर. माझं म्हणणं आंबियापुरतंच धरा.

---

सांबारवडी
९ एप्रिल, सकाळी १०.१५

धागा वर काढते. पारा ४२ च्या वर गेला. सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक सकाळी सातला आणलेला अकरापर्यंत मान टाकतो. पाणी शिंपडून ओल्या पोत्यात गुंडाळलं की मधला भाग पिवळा पडतो. भाजीवाल्यांसाठी आणि छोट्या शेतकऱ्यांसाठी, कोल्ड स्टोरेजशिवाय काही सांगा.

---

रेती_आणि_वाळा
९ एप्रिल, दुपारी १२.५०

ताई, पोत्याच्या मधोमध हात घालून पाहा. कडेला गार आणि आत कोमट, कधी चक्क गरम लागेल. पानं श्वास घेतात, उष्णता आतच कोंडते, आणि दर दहा अंशांना श्वासाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून आतली जुडी आधी पिवळी पडते. पोतं बंद करायचंच नाही. जुड्या सैल बांधा, कॅरेटमध्ये उभ्या लावा, मुळं खाली, आणि वरून ओलं पिळलेलं फडकं.

पालेभाजीचं वेळापत्रक संत्र्याच्या उलट. तिला तेलाच्या ग्रंथी नाहीत, म्हणून ऊन चढायच्या आधी, पानात पाणी भरलेलं असतानाच काढायची. लगेच स्वच्छ गार पाण्यात पाच मिनिटं बुडवून झटकून घ्या. बर्फाचं पाणी मिळालं तर उत्तम, पालेभाजीला शून्य अंशही चालतो. पानावर पाणी साचलेलं राहिलं तर चिकट सड होते, म्हणून झटकणं महत्त्वाचं.

आता साठवणीचं. नागपूरसाठी शून्य ऊर्जा शीतकक्षासारखी, म्हणजे विजेशिवाय गार राहणाऱ्या विटांच्या कक्षासारखी, दुसरी सोय नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली रचना आहे आणि तत्त्व आपल्या घरच्या कूलरचंच. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास थांबतो. कक्ष अगदी तिथपर्यंत उतरत नाही, पण बाहेरपेक्षा १० ते १५ अंश खाली आणि ९० टक्के आर्द्रता मिळते.

बांधणी अशी. झाडाखाली किंवा मांडवाखाली, वारा लागेल आणि पाणी जवळ असेल अशी उंचवट्याची जागा. विटांचा एक थर जमिनीवर, १६५ सेंमी बाय ११५ सेंमी. त्यावर दुहेरी भिंत, साडेसदुसष्ट सेंमी उंच, दोन भिंतींमध्ये साडेसात सेंमी म्हणजे तीन इंच पोकळी. चारेकशे विटा लागतात. सिमेंटचं प्लास्टर करू नका, वीट पाणी पिऊन बाहेर सोडते त्यावरच सगळं चालतं. वाजवल्यावर टणक आवाज करणारी जास्त भाजलेली वीट इथे निकामी.

पोकळीत कन्हान नदीची रेती, चाळून आणि धुऊन. मातकट रेती भरली तर महिन्याभरात पोकळी चिखलाने बसते, पाणी एका बाजूनेच उतरतं आणि दुसरी भिंत कोरडी राहते. विटा आणि रेती पहिल्या दिवशी पूर्ण भिजवा. नंतर सकाळ-संध्याकाळ मिळून २५ ते ५० लिटर. वर एक टाकी ठेवून पोकळीच्या रेषेत ठिबकची नळी टाकली तर रोजचा विसर टळतो. झाकण बांबूच्या चौकटीवर वाळा किंवा तणस, तेही ओलं, पण आत ठिबकणार नाही इतकंच.

आत प्लास्टिक कॅरेट, खाली दोन विटा. एकूण सुमारे १०० किलो माल बसतो. बांबूची टोपली किंवा खोका ठेवला तर त्यालाच बुरशी येते.

---

सांबारवडी
९ एप्रिल, रात्री ८.३५

खूप उपयोगी. यात सगळंच एकत्र चालेल का? भेदरं (टमाटर), वांगी, आंबे?

---

पीएच_सात
९ एप्रिल, रात्री ९.५०

पिकायला लागलेली टमाटरं, आंबे, केळी, पपई पालेभाजीसोबत नको. ही फळं इथिलीन सोडतात आणि त्याने सांबार पिवळा पडतो, काकडी पिवळी होते, गाजर कडू होतं. दोन कक्ष करा किंवा दिवस वेगळे ठेवा.

टमाटर दूरच्या बाजारासाठी असेल तर टोकाला गुलाबी छटा दिसताच तोडा. ते धुणार असाल तर पाणी फळापेक्षा चार-पाच अंश कोमट हवं. उन्हातलं तापलेलं टमाटर गार पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खळीतून टाकीतलं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. तीन दिवसांनी देठाजवळ काळं पडतं ते यामुळे.

टमाटर, वांगी, भेंडी, काकडी यांना बर्फ लावू नका, १० अंशांच्या खाली फार काळ ठेवू नका. वांग्याच्या बिया काळ्या पडतात, सालीवर खड्डे येतात. टमाटर मग नीट लाल होतच नाही, चट्टे पडतात आणि चव जाते. या मंडळींना विटांच्या शीतकक्षाचे २५-२८ अंश फ्रीजपेक्षा मानवतात.

---

कळमनाकर
१० एप्रिल, सकाळी ६.३०

कांदा आणि आलू या कक्षात अजिबात ठेवू नका. ९० टक्के ओलाव्यात कांदा आठ दिवसांत कोंब काढतो आणि मानेपासून सडतो. उन्हाळी कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते. काढणीच्या १०-१५ दिवस आधी पाणी बंद, पातीसकट शेतात तीन-चार दिवस, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरून. मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि सावलीत १०-१२ दिवस. मान बोटांत चोळली की कागदासारखी कुरकुरली पाहिजे. कांद्याच्या चाळीत थर चार-पाच फुटांच्या वर नको आणि तळ जमिनीपासून उचललेला, खालून वारा जाईल असा. जोड कांदा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) आणि जाड मानेचा आधीच विका.

आलू अंधारात. उजेडात हिरवा होतो आणि तो हिरवा भाग विषारी. कांद्याशेजारी नको.

---

सांबारवडी
१० एप्रिल, सकाळी ९.००

घरच्या फ्रीजसाठी सांबार?

---

रेती_आणि_वाळा
१० एप्रिल, सकाळी ९.४०

न धुता. पिवळी पानं आणि बांधलेली सुतळी काढून टाका, मुळांची माती झटका, कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून चार-सहा भोकं पाडलेल्या पिशवीत, खालच्या कप्प्यात. कागद ओला झाला की बदला. सांबार धुवायचा तो वापरायच्या वेळी.

---

वरुडची_वाट
२ जुलै, संध्याकाळी ७.१५

मेमध्ये वरच्या मापाने कक्ष बांधला, भेंडी आणि वांगी उत्तम राहिली. पाऊस लागल्यापासून आत दमटपणा दाटून राहिला आणि कॅरेटच्या कडेला पांढरी बुरशी येऊन राहिली. पाणी वाढवू का?

---

रेती_आणि_वाळा
२ जुलै, रात्री ८.४०

पाणी बंदच करा भाऊ. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की ओला थर्मामीटर २८ वर थांबतो. दोन अंशांसाठी आत नुसता दमटपणा साठतो, घरचा कूलर जुलैत चिकचिक करतो तसाच. सप्टेंबर संपेपर्यंत कक्ष रिकामा ठेवा. कॅरेट काढून धुवा, आतल्या विटांवर पीएच_सात यांनी दिलेल्या मापाचं ब्लीचिंगचं पाणी मारा, झाकण काढून मांडवाखाली वाळू द्या. पावसाळ्यात भाजी जाळीच्या रॅकवर, एक थर, पंखा लावून.

ऑक्टोबरात पुन्हा भिजवण्याआधी वरची वीतभर रेती काढून पाहा. मुंग्यांनी किंवा चिखलाने बसली असेल तर तेवढी बदला. आणि विटांच्या सांध्यांत साप-विंचू बसतात, म्हणून हात घालण्याआधी काठीने वाजवून घ्या.